अकरा मेपर्यंत

२ मार्च

दादा,

मायना काय घालावा ते सुचेना, म्हणून नुसतं 'दादा' लिहिलं. पुढेमागे जे लागतं ते तुझं तू लावून घे. सात वर्षांनी पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं, असं तुला वाटेल. तर आधी तेच सांगते. कुणी गेलेलं नाही. बाबा आहेत. पण त्यांचा डावा पाय जायच्या वाटेवर आहे.

तुमच्या बोगद्याच्या ऑफिसात मी चार वेळा फोन केला. तिथला माणूस सभ्य आहे. दर वेळी म्हणतो, साहेब आत आहेत, आत फोन लागत नाही, निरोप ठेवा. असल्या गोष्टीचा निरोप कसा ठेवायचा? टपालाची गाडी आठवड्यातून दोनदा वर येते, एवढं त्याच्याकडून कळलं, म्हणून लिहायला बसले.

दोन वर्षांपासून बाबा चालताना थांबायला लागले होते. शंभर पावलं चालले की पोटरी दगडासारखी व्हायची. मग ते एखाद्या दुकानासमोर उभे राहून पाटी वाचल्यासारखं करायचे, म्हणजे कुणाला कळू नये. मलाही वर्षभर कळलं नाही. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस चौकस झालाय. मग करंगळीला साधा नखाएवढा चरा गेला आणि तो भरेचना. शुगर आहे, सिगारेट होती, आणि लिफ्ट दुरुस्त करत त्यांच्या बोळांत शिडीवर उभं राहून काढलेली चाळीस वर्षं आहेत. सर्जननी तपासून सांगितलं की गुडघ्याखाली रक्त पोचतच नाही, आणि बायपास करायचा तर जोडायला पुढे धड नळीच उरलेली नाही.

तेव्हा त्यांना एका ट्रायलबद्दल, म्हणजे नव्या उपचाराच्या चाचणीबद्दल, कळलं. कमरेच्या हाडातून मगज काढतात, त्यातल्या मूळपेशी वेगळ्या करतात आणि त्याच माणसाच्या पोटरीत चाळीस ठिकाणी टोचतात. त्यांनी नवीन बारीक रक्तवाहिन्या फुटाव्यात, अशी आशा. निम्म्या लोकांना खऱ्या पेशी देतात, निम्म्यांना नुसतं सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं, हे पेशंटला कळत नाही आणि टोचणाऱ्या डॉक्टरलाही नाही. ज्यांना पाणी मिळालं त्यांच्या पेशी टाकीत गोठवून ठेवतात आणि सहा महिन्यांनी त्यांच्या त्यांना देतात. बाबांना अकरा नोव्हेंबरला टोचलं.

आता त्यांचं गणित ऐक. पाय सुधारत नाही, उलट करंगळी काळी पडली. अर्थात आपल्याला पाणी मिळालं. अर्थात खऱ्या पेशी टाकीत शिल्लक आहेत. अर्थात अकरा मेपर्यंत पाय सांभाळला की झालं. सर्जन म्हणतात, मेपर्यंत थांबलात तर पाय नाही, माणूस जाईल. आत्ता गुडघ्याखाली कापलं तर गुडघा वाचतो, आणि गुडघा असला की नकली पायावर माणूस चालतो. बाबा ऐकून घेतात आणि म्हणतात, "अकरा मेनंतर बोलू."

तू येऊन सांग. मी सांगितलं की ते मान हलवतात, मग हवं तेच करतात. त्यांना तोंडावर बोलणारा तू एकटाच होतास.

या ट्रायलच्या पेशी जिथे तयार होतात त्याच लॅबमध्ये मी काम करते, हे तुझ्या कानावर असेल. पण म्हणून मला काही जास्त कळतं असं नाही. आमच्याकडे सगळं नंबरावर चालतं आणि पाकिटात बंद असतं.

तुझी
धाकटी

८ मार्च

दादा,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. मोजणीच्या कागदाच्या पाठीवर का होईना, लिहिल्यास. 'त्यांना खरं ऐकायचं नसतं आणि ते दुसऱ्यालाही ऐकू देत नाहीत. मी येऊन काय करू?'

तू आईबद्दल लिहितो आहेस, हे मला कळतं. आईचा आजार तिच्यापासून अकरा आठवडे लपवला, ती शेवटपर्यंत 'उन्हाळ्यात बरी झाले की' असं म्हणत राहिली, आणि तू बाबांना सगळ्यांसमोर म्हणालास की तिचं मरण तुम्ही तिच्याकडून चोरलंत. ते वाक्य अजून त्या खोलीत आहे. पण आत्ता भांडण बाजूला ठेव. आत्ता वेळ नाही.

परवा बाबांना ताप भरला. करंगळीशेजारचं बोटही गेलं. वास यायला लागला होता. ते खिडकी उघडी ठेवून बसायचे आणि मला म्हणायचे की बाहेर गटार तुंबलंय. मी टॅक्सी बोलावली तेव्हा ते शेजारच्या शिंपीकाकांना म्हणाले, दोन दिवस जाऊन येतो, माझं जॅकेट शिवून ठेवा. काका हो म्हणाले आणि माझ्याकडे बघून त्यांनी मान खाली घातली.

वॉर्डातल्या नर्सने त्यांच्या पायावर पेनाने रेघ ओढली आहे. घोट्याच्या वर चार बोटं. लाली तिथपर्यंत आली आहे. रेघेशेजारी तारीख आणि वेळ. लालीने रेघ ओलांडली तर सांगा, असं ती मला म्हणाली. तेव्हापासून मी दर तासाला त्या रेघेकडे बघते. बाबा बघत नाहीत. ते समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात.

आज सर्जन त्यांना त्यांच्याच भाषेत समजावत होते. म्हणाले, "लिफ्टचा दोर कुजलाय असं दिसलं तर तुम्ही काय करत होतात?"

"बदलायचो," बाबा म्हणाले. "पण नवा दोर गोदामात आलेला असेल तर त्याची वाट बघायचो. लिफ्ट तोडून टाकायचो नाही."

सर्जन हसले. मला हसता आलं नाही. मी बाहेर येऊन पाण्याच्या कूलरपाशी उभी राहिले.

गोदाम रिकामं आहे, दादा. एवढंच लिहिते. ये.

धाकटी

१२ मार्च

दादा,

'गोदाम रिकामं आहे म्हणजे काय?' असं तू विचारलंस. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही हे मी विसरले होते. की सुटू नये म्हणूनच लिहिलं होतं, कुणास ठाऊक.

दोन तारखेच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पाकिटं बंद असतात ती इतरांसाठी. कुणाला तरी ती उघडावीच लागतात, नाहीतर सिरिंजमध्ये काय भरायचं ते कळणार कसं? ती उघडणारी माणसं आमच्या लॅबमध्ये दोन. त्यातली एक मी.

तीन हॉस्पिटलांमधून मगज आमच्याकडे येतो. त्यावर नाव नसतं, फक्त नंबर. पेशंट कोण, हे आम्हाला कळत नाही आणि कळूही नये. बाबांनी ट्रायलची सही मला न सांगता केली होती. पोरीच्या वशिल्याने आलो असं कुणी म्हणायला नको, म्हणून. दहा नोव्हेंबरला संध्याकाळी ते मोठ्या ऐटीत म्हणाले, उद्या तुझ्या कारखान्यात माझा माल येतोय. आणि त्यांनी ट्रायलचं कार्ड टेबलावर ठेवलं. कार्डावर नंबर होता. मी तो वाचला. वाचून झाल्यावर डोळे मिटून काय उपयोग?

त्याच मिनिटाला मी आमच्या प्रमुख बाईंना फोन करायला हवा होता. नियम अगदी साधा आहे. नात्यातला माणूस ट्रायलमध्ये असेल तर सांगायचं आणि बाजूला व्हायचं. मी सांगितलं नाही. बाजूला झाले असते तर ते काम दुसऱ्या तंत्रज्ञाकडे गेलं असतं. तो वाईट नाही, पण घाई करतो. बाबांच्या पेशी मला माझ्या हातांनी करायच्या होत्या.

सकाळी मी पाकीट उघडलं. आत 'पेशी' असं लिहिलेलं होतं.

त्या दिवशीइतकं नीट काम मी आयुष्यात केलं नसेल. बाटल्या फिरवताना, धुताना, मोजताना हात एकदाही थरथरला नाही. मग मी सिरिंज भरल्या. आतलं गढूळ आहे की स्वच्छ ते बाहेरून दिसू नये म्हणून त्यांच्यावर काळी पट्टी गुंडाळतो, ती गुंडाळली आणि डबा पाठवून दिला. घरी जाताना मी बसमध्ये एकटीच हसत होते. पाकिटात 'सलाईन' असतं तर मी काय केलं असतं, हे मला विचारू नकोस. माझी ती परीक्षा झाली नाही, एवढंच.

तेव्हा आता तुला कळलं. बाबांच्या नावाचं टाकीत काही नाही. त्यांना जे मिळायचं ते नोव्हेंबरातच मिळालं, आणि ते लागू पडलं नाही. ते ज्याची वाट बघताहेत ते येऊन गेलं.

तू म्हणशील, मग सांग ना त्यांना. सांगितलं तर नोकरी जाईल, ते एक. पण तेवढंच नाही. त्या ट्रायलमध्ये साठ माणसं आहेत. त्यांच्यातल्या प्रत्येकाने आपल्याला काय मिळालं ते न विचारता पाय आमच्या हवाली केला. एकाचं पाकीट मी घरचं म्हणून फोडलं, तर उद्या सगळ्या आकड्यांवर कुणीही बोट ठेवील. आणि सर्जनना विचारलं तर ते म्हणतात, काय दिलं होतं ते बघून मला काय करायचंय? पाणी असो की पेशी, पाय कापायचाच आहे. डॉक्टर म्हणून त्यांचं बरोबर आहे. पण बाबांचा सगळा जीव त्या 'पाणी असो की पेशी'मध्येच अडकलाय.

लालीने पहिली रेघ ओलांडली. नर्सने तिच्या वर दुसरी ओढली.

धाकटी

१५ मार्च

दादा,

तुझं उत्तर अजून आलं नाही. गाडी उद्या येईल. उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, कारण आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

आईचा रिपोर्ट बाबांनी आधी वाचला, असं तू इतकी वर्षं धरून बसला आहेस. तो आधी मी वाचला होता. आईची तपासणी झाली त्या केंद्रात मी तेव्हा नवीन होते. लिफाफा माझ्याच खिडकीवर आला. मी तो स्वच्छतागृहात जाऊन वाचला, परत चिकटवला, घरी आणला, आणि बाबांना स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हटलं, आईला सांगू नका. बाबा म्हणाले होते, तिला विचारायला हवं. मी रडले. मी म्हटलं, ती आत्ताच मरेल. ते बराच वेळ नळाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, बरं.

त्या दिवशी तू सगळ्यांसमोर त्यांना चोर म्हणालास तेव्हा मी दाराशीच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाचवायलाच पाहिलं नाही. आणि मी गप्प राहिले. तू बॅग भरलीस तेव्हाही. सात वर्षं गप्प राहिले.

यावर तुला काय वाटायचं ते वाटू दे. मी आज क्षमा मागत नाही, तेवढा वेळ नाही. दुपारी लालीने दुसरी रेघही ओलांडली, नर्सने तिसरी ओढली. सर्जननी मला कॉरिडॉरमध्ये थांबवून सांगितलं की उद्या संध्याकाळपर्यंत सही मिळाली तर गुडघा राहील. त्यानंतर मांडीतून कापावं लागेल. त्यानंतरचं ते बोलले नाहीत.

उद्या सकाळी मी बाईंकडे जाणार आहे.

धाकटी

१८ मार्च

दादा,

आधी निकाल. परवा रात्री आठ वाजता ऑपरेशन झालं. गुडघा वाचला. बाबा शुद्धीवर आहेत, ताप उतरला आहे.

आता सगळं क्रमाने सांगते.

सोळा तारखेला सकाळी नऊला मी प्रमुख बाईंच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. कार्ड, नंबर, पाकीट, सगळं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या की हे तू नोव्हेंबरात सांगितलं असतंस तर दहा मिनिटांचं काम होतं. मी म्हटलं, पाकीट अधिकृतपणे उघडून त्यांना सांगा. त्या म्हणाल्या, त्यासाठी समितीला विचारावं लागेल, समिती उद्या दहाला बसेल. मी म्हटलं, उद्या दहाला गुडघा नसेल. त्यांनी फोन उचलला आणि मला बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर मी पाऊण तास बसले. आतून बाईंचा आवाज येत होता. एक फोन ठेवत होत्या, दुसरा लावत होत्या. खऱ्याखुऱ्या धडपडत होत्या, हे मी कुणालाही सांगेन. पण माझ्या डोळ्यांसमोर ती पेनाची रेघ होती. मी ओळखपत्र गळ्यातून काढलं, त्यांच्या शिपायाकडे दिलं आणि हॉस्पिटलला गेले.

बाबा उठून बसले होते. तोंड तापाने लाल झालेलं. मला बघून म्हणाले, "कामावर नाही गेलीस?"

मी स्टूल ओढलं. कसं सांगायचं ते बसमध्ये दहा वेळा घोकलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

"बाबा, टाकीत तुमचं काही नाही."

"म्हणजे?"

"तुम्हाला पाणी दिलंच नव्हतं. अकरा नोव्हेंबरलाच खऱ्या पेशी दिल्या. मीच भरल्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील खोटं बोलतेस, पाय कापून घ्यावा म्हणून बोलतेस. पण ते तसं काही म्हणाले नाहीत. कारागीर माणूस. त्यांनी विचारलं, "किती होत्या?"

मी आकडा सांगितला.

"जिवंत?"

"शंभरातल्या अठ्ठ्याण्णव."

"म्हणजे मालात खोट नव्हती."

"नव्हती, बाबा. इतका चांगला माल वर्षात आला नव्हता."

"मग पायच नालायक निघाला," ते म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावरच राहिला. मग पहिल्यांदाच त्यांनी स्वतः चादर बाजूला केली आणि पायाकडे नीट पाहिलं. तिन्ही रेघा, तिन्ही तारखा. नर्सचं अक्षर बारीक आहे, ते वाकून वाचायला लागले.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"चार महिने."

"हो."

"चार महिने तू रोज संध्याकाळी समोर बसून माझ्याबरोबर चहा प्यायलीस. मी मे महिन्याचं बोलायचो आणि तू हूं हूं करायचीस."

मी बाजूला पडलेली चादर ओढून नीट केली.

शेजारच्या खाटेवरचा पेशंट कूस बदलून आमच्याकडे पाठ करून झोपला, तेवढी त्याची माणुसकी. मग बाबा खूप हळू म्हणाले, "अस्सं वाटतं होय ते." मला आधी कळलंच नाही, ते कशाबद्दल बोलताहेत. ते माझ्याशी बोलत नव्हते. पुढे म्हणाले, "तिला कळलं असेल का गं शेवटी? कळूनसुद्धा आपल्यासाठी गप्प राहिली असेल?"

मला माहीत नाही, असं मी म्हटलं. हे खरं आहे, मला माहीत नाही.

"सर्जनना बोलाव," ते म्हणाले.

त्यांनी सही केली, कागद मी धरला. साडेबारा वाजले होते. समितीची परवानगी संध्याकाळी पाचला आली. बाईंनी सगळ्यांना फोन करकरून दुसऱ्या दिवसाची बैठक त्याच दिवशी बसवली होती. तोवर थांबले असते तर सगळं नियमात झालं असतं आणि गुडघाही बहुधा वाचला असता. हे 'बहुधा' आता माझ्याजवळ कायमचं राहील.

तुझं पत्र काल हातात पडलं. एकच शब्द होता, 'सांग.' तू तो बारा तारखेच्या पत्राचं उत्तर म्हणून लिहिलास. तोपर्यंत पंधराचं तुला मिळालं नव्हतं. आता मिळालं असेल.

धाकटी

२६ एप्रिल

दादा,

माझं पंधरा मार्चचं पत्र मिळाल्यापासून तुझी एकही ओळ नाही. मी समजू शकते. मला राग आला असता तर मी याहून जास्त दिवस गप्प राहिले असते.

मला ट्रायलमधून काढलं, लॅबमधून मात्र नाही. आता मी तळमजल्यावर साध्या रक्ताच्या बाटल्या तपासते. बाबांचे आकडे ट्रायलमधून बाद केले. साठाचे एकोणसाठ झाले, आणि का झाले हे लिहिलेल्या कागदावर माझी सही आहे. बाई जिन्यात भेटल्या की मान हलवतात. त्या ट्रायलमध्ये एका बाईंचा अंगठा भरून आला, त्या स्वतःच्या पायाने चालत तपासणीला येतात, असं सगळे बोलतात. बोलण्यात त्यांचा नंबरही कानावर आला, म्हणून त्यांना काय मिळालं होतं ते मला माहीत आहे. मी तुला सांगणार नाही.

बाबा घरी आहेत. नकली पाय मागच्या आठवड्यात आला. व्यायाम शिकवणारी मुलगी कडक आहे, त्यांना 'आजोबा' म्हणते आणि सूट मुळीच देत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी तो पाय उलटासुलटा करून पाहिला आणि सांध्यातला एक स्क्रू ढिला आहे असं तिला दाखवलं. खरंच ढिला होता. तेव्हापासून ती थोडी वचकून असते. काल ते दारापासून जिन्यापर्यंत गेले आणि परत आले, मध्ये न थांबता. घामाने निथळत होते. नसलेल्या पायाच्या बोटांत कळा येतात म्हणतात. नसलेलं सगळ्यात जास्त दुखतं, असंही म्हणाले.

आई, रिपोर्ट, स्वयंपाकघरातलं ते बोलणं, सगळं तुला लिहिलंय, हे मी त्यांना सांगितलं. ते रागावले. "माझ्या वाट्याचं होतं ते, तुला कुणी सांगितलं उचलायला?" असं म्हणाले. मग दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद मागितले. एक नाही, गठ्ठाच. चार दिवस ते खिडकीशी बसून लिहीत होते. मी खोलीत गेले की हात कागदावर आडवा ठेवायचे, परीक्षेतल्या पोरासारखा. आज सकाळी त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि पत्ता तेवढा नीट घाल म्हणाले, त्यांना तुझ्या ऑफिसचा पत्ता पाठ नाही.

ते पाकीट या पत्रासोबत पाठवते आहे. त्यांनी ते डिंकाने चिकटवलंय, आणि डिंक जरा जास्तच लावलाय. चांगलं जाडजूड आहे. आत काय आहे ते मला माहीत नाही. मी उघडलेलं नाही.

तुझी
धाकटी